बोलावलेली फौज



मागच्या महिन्याची आमची बैठक नेहमीसारखीच झाली. बचत गोळा झाली, दोघींचे कर्जाचे अर्ज लिहून झाले. वहीवर सह्या चालू होत्या आणि समोरच्या घरात टीव्ही लागलेला होता. परमुलखातल्या लढाईच्या बातम्या. ढासळलेली घरं, कडेवर लेकरू अन् डोक्यावर गाठोडं घेऊन चाललेल्या बाया. बघून एकजण म्हणाली, "आपल्या देशानं तिकडं फौज पाठवून एकदाचं मिटवून टाकावं." दुसरी लगेच म्हणाली, "आपलं काय जातंय तिकडं? आपल्या पोरांनी का मरायचं?" तिचा मुलगा पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळतो, भरतीसाठी. तिला ते बोलणं लागलं असणारच.

मग दोन बाजू पडल्या. अर्धा तास जोरात चाललं. कोपऱ्यातल्या आजी तोवर गप्प होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या मालकांना पाठवलं होतं की श्रीलंकेला. मिटवायलाच."

त्यावर कुणी बोललं नाही. त्या दिवशी ठरलं, की पुढच्या बोलण्यात हाच विषय घ्यायचा. आमच्यातल्या एकीनं बीएला इतिहास घेतला होता, तिनं जुनी पुस्तकं काढली, बाकीच्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं. आणि आमच्या लक्षात आलं, की दुसऱ्याच्या भांडणात फौज घालावी का, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला अजिबात नवा नाही. फरक इतकाच, की पूर्वी ती फौज आपल्याकडे यायची.

नगरच्या किल्ल्यापासूनच सुरुवात करू. चांदबीबीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण तिचं म्हणून आपण डोंगरावरचा जो महाल दाखवतो, तो खरं तर सलाबतखानाची कबर आहे. सहलीला आलेल्या मुलांना हे सांगितलं की त्यांचा हिरमोड होतो, पण खरं ते सांगावं. चांदबीबीची खरी जागा म्हणजे हा किल्ला. ती नगरच्या हुसेन निजामशहाची लेक. विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. १५८० मध्ये नवऱ्याचा खून झाला. मग तिनं विजापूरला लहान पुतण्याच्या नावानं कारभार पाहिला, आणि पुढं माहेरी आली. विधवा होऊन माहेरी आलेल्या बाईचं काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तिच्या नशिबी तर असं, की १५९५ मध्ये माहेर आणि सासर एकमेकांशी लढले आणि त्या लढाईत तिचा भाचा, नगरचा सुलतान इब्राहिम, मारला गेला.

गादीवर कोण, यावरून नगरच्या सरदारांत फूट पडली. इब्राहिमचा मुलगा बहादूर अगदी तान्हा. मियाँ मंजू नावाच्या सरदारानं त्याला चावंडच्या किल्ल्यात कोंडलं आणि अहमद नावाच्या भलत्याच मुलाला गादीवर बसवलं. हा मुलगा राजघराण्यातला नाहीच, असं पुढं उघड झालं. इखलासखान आणि हबशी सरदार चिडले. त्यांनी मियाँ मंजूला किल्ल्यात कोंडून बाहेरून वेढा घातला. आता मियाँ मंजूनं काय करावं? गुजरातेत अकबर बादशहाचा मुलगा शहजादा मुराद फौज घेऊन बसला होता. त्याला निरोप धाडला, की आमच्या मदतीला या.

मैत्रिणींनो, मुघलांना दख्खन पाहिजेच होता. ते निमित्ताचीच वाट बघत होते. असं निमंत्रण कोण सोडील?

पुढची गंमत ऐका. मुराद निघाला खरा, पण तो पोचायच्या आतच मियाँ मंजूच्या विरोधकांत आपापसात भांडणं लागली आणि मियाँ मंजू जिंकला. आता मदतीची गरजच उरली नाही. पण फौज काय, बोलावली की येते, नको म्हटलं म्हणून परत जात नाही. १५९५ च्या डिसेंबरात मुघल नगरच्या वेशीशी आले. त्यांच्याबरोबर खानखानान अब्दुर्रहीम होता, म्हणजे ज्याचे दोहे आपली मुलं हिंदीच्या पुस्तकात पाठ करतात तोच रहीम. आणि ज्यानं बोलावलं तो मियाँ मंजू? तो किल्ला सोडून विजापूर-गोवळकोंड्याची मदत आणायला निघून गेला. निस्तरायला राहिली चांदबीबी.

तिनं बहादूरच्या नावानं द्वाही फिरवली आणि किल्ला लढवायला घेतला. मुघलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. त्यांच्याच छावणीतल्या एका माणसानं रात्री येऊन आतल्यांना सावध केलं. आतल्यांनी उलटं खणून दोन सुरुंगांतली दारू काढली. तिसऱ्याची काढत असतानाच तो उडाला. तटाला मोठं खिंडार पडलं. माणसं पळायला लागली. तेव्हा चांदबीबी अंगावर चिलखत, तोंडावर बुरखा, हातात तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली. संध्याकाळपर्यंत मुघलांना आत येऊ दिलं नाही, आणि रात्रभरात पुन्हा भिंत उभी केली. दारूगोळा संपला तेव्हा तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफेत घातली असं लोक सांगतात. ते खरं असो नसो, भिंत रात्रीत उभी राहिली हे त्या वेळच्या इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे.

आमच्या एका ताईंनी विचारलं, "रात्रीत भिंत कुणी बांधली पण?" पुस्तकात नावं नाहीत. दगड-माती वाहणारे नगरचेच असणार, दुसरं कोण?

शेवटी तह झाला. मुघलांनी बहादूरला सुलतान मानलं आणि बदल्यात वऱ्हाड घेतला. म्हणजे मदतीला बोलावलेल्या पाहुण्यानं जाताना घराचा एक खण नेला. आणि तो तिथंच थांबला नाही. १५९७ मध्ये विजापूर, गोवळकोंडा आणि नगर यांच्या एकत्र फौजा गोदावरीकाठी मुघलांशी लढल्या आणि हरल्या. १६०० मध्ये पुन्हा वेढा पडला. या वेळी चांदबीबीच्या मनात होतं, की किल्ला टिकत नाही, पोराला घेऊन सुखरूप जुन्नरला जाऊ द्या अशी बोलणी करावी. तिच्याच माणसानं बोभाटा केला, की बाई फितूर झाली. जमाव आत घुसला आणि तिला ठार मारलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. ज्यानं मुघलांना आवतण दिलं त्याला कुणी फितूर म्हणून मारलं नाही.

आता जिल्ह्याचं नवीन नाव. अहिल्यादेवी आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. नवरा १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेला, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये, आणि मुलगा मालेराव १७६७ मध्ये. एकामागून एक. दौलतीचे दिवाण गंगोबा चंद्रचूड यांना वाटलं, बाई काय राज्य करणार! त्यांनी पुण्याच्या राघोबादादांना निरोप धाडला. राघोबा फौजेसह माळव्यात आले. घरचा दिवाण, बाहेरची फौज. तीच गोष्ट.

पण इथं निकाल वेगळा लागला. अहिल्यादेवींनी शिंदे, गायकवाड, भोसले यांना पत्रं लिहिली आणि थेट पेशवे माधवरावांकडे दाद मागितली. त्यांनी बायकांची पलटण उभी केली आणि राघोबांना कळवलं, की तुम्ही जिंकलात तर बाईला जिंकल्याचा मान काय, आणि हरलात तर तोंड कुठं दाखवाल, असं परंपरेनं सांगतात. क्षिप्रेच्या अलीकडे तुकोजी होळकर सज्ज उभे होते. माधवरावांनी बाईंची बाजू घेतली. राघोबांनी मग आपण दुखवट्यासाठी आलो होतो असं सांगितलं आणि वेळ मारून नेली. आम्ही हे वाचून खूप हसलो. दुखवट्याला कुणी तोफा घेऊन जातं का?

तिसरी गोष्ट त्याच राघोबांच्या मुलाची. दुसरा बाजीराव. यशवंतराव होळकरांनी १८०२ मध्ये त्याला पुण्यातून पळवून लावलं. तो वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला इंग्रजांशी तह केला, की तुमची फौज द्या, मला गादीवर बसवा. इंग्रजांनी बसवलं. मे १८०३ मध्ये बाजीराव पुण्यात, आणि ऑगस्टमध्ये जनरल वेलस्लीनं नगरचा किल्ला घेतला. १८१८ मध्ये पेशवाईच संपली. त्या फौजेचा खर्च कुणाच्या माथी होता, तर बाजीरावाच्याच मुलखाच्या, म्हणजे शेतसारा भरणाऱ्यांच्या.

इथवर झाली आलेल्या फौजेची गोष्ट. आता आपल्याकडून गेलेल्या फौजेची. आणि तिच्यासाठीही त्याच किल्ल्यात यावं लागतं.

३ सप्टेंबर १९३९ ला इंग्लंडनं जर्मनीशी युद्ध पुकारलं. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोनं जाहीर केलं, की हिंदुस्थानही युद्धात आहे. कुणाला विचारलं? कायदेमंडळाला नाही, प्रांतांत निवडून आलेल्या सरकारांनाही नाही. घरच्या कर्त्यानं परस्पर जमिनीवर बोजा चढवावा आणि सातबारा बघताना बाकीच्यांना कळावं, तसं. मग मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळासह सगळ्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले.

पण न विचारता ओढलं म्हणून सगळ्यांचं मत एक होतं असं समजू नका. हिटलरला रोखलंच पाहिजे हे नेहरूंना पटत होतं. त्यांचं म्हणणं, आम्ही लढू, पण आधी आम्हाला स्वतंत्र करा. गांधीजींना शस्त्रच नको होतं. विनोबा भावे ऑक्टोबर १९४० मध्ये पवनारला उभे राहिले आणि या युद्धाला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका, असं बोलून तुरुंगात गेले. डॉ. आंबेडकरांचा विचार निराळा. जर्मनी-जपान जिंकले तर जगात माणुसकी उरणार नाही असं ते मानत होते, आणि आपल्या समाजाला सैन्याचं बंद झालेलं दार उघडलं पाहिजे हाही त्यांचा आग्रह होता. १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. सावरकरही तरुणांना भरती व्हा म्हणून सांगत होते, त्यांची कारणं आणखी वेगळी. कम्युनिस्ट १९४१ पर्यंत युद्धाच्या विरोधात होते, हिटलरनं रशियावर हल्ला केल्यावर बाजूनं झाले. इतकी मोठमोठी माणसं, एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. तेव्हा आपल्या बैठकीत आवाज चढला तर त्यात एवढं वाईट वाटून घ्यायला नको.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे धरपकड. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं, आणि काँग्रेस कार्यकारिणीचे नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव, आचार्य नरेंद्र देव वगैरे बारा जणांना आपल्या नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नगरचे अच्युतराव पटवर्धन मात्र हाती लागले नाहीत, ते भूमिगत राहून सातारकडे काम करत राहिले. किल्ल्यात नेहरूंनी बागेसाठी जमीन खणली तर जुन्या भिंतींचे दगड लागले. १९४४ मध्ये त्यांनी तिथंच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, त्यात चांदबीबीची आठवण आहे.

आम्हाला त्यापेक्षा मौलाना आझादांची हकिकत लागली. त्यांच्या बायकोचं नाव झुलेखा बेगम. त्या कलकत्त्याला आजारी होत्या. मौलानांनी सरकारकडे सुटकेचा अर्ज केला नाही. एप्रिल १९४३ मध्ये त्या गेल्या, आणि मौलानांना ती बातमी किल्ल्यातच कळली. त्यांनी अर्ज का केला नाही हे त्यांच्या लिखाणावरून समजतं, ताठ माणूस होता. पण झुलेखा बेगमना काय वाटलं असेल, हे कुठं लिहिलेलं नाही. यावर आमच्यात दोन तट पडले, आणि अजून मिटलेले नाहीत.

बाहेर काय चाललं होतं? या युद्धात सुमारे २५ लाख हिंदी माणसं सैन्यात गेली, सुमारे ८७ हजार परत आली नाहीत. आणि १९४३ मध्ये बंगालात, जिथं लढाई पोचलीही नव्हती, तिथं तांदूळ मिळेना. वीस ते तीस लाख माणसं भुकेनं आणि रोगानं गेली असा अंदाज आहे. लढाई एकीकडं होते आणि चूल दुसरीकडं विझते.

आता आजींची श्रीलंका.

तिथं सिंहली सरकार आणि तमिळ बंडखोर यांचं भांडण बरीच वर्षं चाललेलं. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि तिथले अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. आपली शांतिसेना तिकडं गेली. काम होतं, दोन्ही बाजूंच्या मध्ये उभं राहायचं आणि बंडखोरांची शस्त्रं गोळा करायची. करारावर खूश नसलेल्या सिंहली खलाशानं दुसऱ्याच दिवशी, मानवंदना चालू असताना, राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला होता. ते चित्र काहींना आठवत असेल. ऑक्टोबरपर्यंत आपली फौज ज्या तमिळांच्या रक्षणाला गेली होती, त्यांच्यातल्याच लिट्टेशी लढायला लागली. २५ नोव्हेंबर १९८७ ला महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन तिथं पडले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. पुढं कोलंबोत सरकार बदललं, प्रेमदासा आले, आणि तेच म्हणायला लागले, की आता जा. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. सुमारे १,२०० जवान गेले होते. मद्रासला जहाज लागलं तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागतालासुद्धा आले नाहीत. पुढच्याच वर्षी, २१ मे १९९१ ला, लिट्टेनं राजीव गांधींना मारलं.

आजींचे मालक जिवंत परतले. पायात छर्रे घेऊन. त्यांनी घरी फार सांगितलं नाही. आजींना आठवतं ते एवढंच. ते म्हणायचे, "उतरलो तेव्हा बायांनी हार घातले, शहाळी दिली. दिवाळीपर्यंत त्याच घरांची दारं बंद झाली. आतून कोण गोळी घालील सांगता येत नव्हतं." आजींना तेव्हा जाफना कुठं आहे हे माहीत नव्हतं. शाळेतल्या मास्तरांकडून नकाशात बघून घेतलं. पत्र यायचं ते महिना महिना उशिरा, म्हणजे पत्र वाचताना लिहिणारा आज आहे की नाही, याचा भरवसा नाही. आजींनी तीन वर्षं तशी काढली, दोन लेकरं आणि कोरडवाहू चार एकर घेऊन.

मग आमच्यातली सर्वांत तरुण, बी.कॉम. करणारी मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "सगळं एकाच बाजूचं सांगताय. बांगलादेशचं काय?" तिचं बरोबर होतं. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात कत्तल चालली होती, बायकांवर अत्याचार होत होते, जवळजवळ एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले. त्यांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. तेव्हा काहीच करायचं नाही असं कोण म्हणू शकलं असतं? आपण नऊ महिने जगाला सांगितलं, मुक्तिवाहिनीला मदत केली. ३ डिसेंबरला पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि १६ डिसेंबरला त्यांच्या फौजेनं ढाक्यात शरणागती दिली. आणि मुख्य म्हणजे, मार्च १९७२ मध्ये आपली फौज परत आली. तिथं थांबली नाही. आमच्या मते बांगलादेश आणि श्रीलंका यांतला फरक इथंच आहे. एकीकडं तिथल्या लोकांना काय पाहिजे हे स्पष्ट होतं आणि परत कधी निघायचं हेही. दुसरीकडं दोन सरकारांनी सही केली, आणि ज्यांचं भांडण होतं त्यांना ती मनापासून मान्य नव्हती. हे आमचं मत. आजींना तेही पूर्ण पटलं नाही. त्या म्हणाल्या, "ढाक्यातही कुणाचे तरी मालक गेलेच असतील."

शेवटची गोष्ट २००३ ची, आणि ती आम्हाला फार आवडली, कारण त्यात कुणी मेलं नाही म्हणून ती कुणाला आठवत नाही. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेनं इराकवर हल्ला केला. ८ एप्रिलला आपल्या लोकसभेत ठराव आला. शब्दावरून किती ओढाताण! विरोधक म्हणत होते, कडक निषेध करा. सरकार म्हणत होतं, जरा सौम्य बोला. शेवटी हिंदीत 'निंदा' आणि इंग्रजीत त्याहून मवाळ शब्द, असं करून एकमतानं ठराव झाला. गटाचा ठराव लिहिताना एका शब्दावरून आपण तासभर घालवतो, तसंच दिल्लीतही चालतं बरं का.

मग अमेरिकेनं मागणी केली, इराकमध्ये बंदोबस्ताला तुमची फौज द्या. साधारण १७ हजार जवान, एक पूर्ण डिव्हिजन. महिना-दीड महिना देशात चर्चा चालली. पाठवा म्हणणाऱ्यांचंही म्हणणं होतं, की अमेरिकेशी मैत्री वाढेल, तेल आहे, कामं मिळतील. नको म्हणणारे विचारत होते, संयुक्त राष्ट्रांनी सांगितलंय का? इराकी लोकांनी बोलावलंय का? आपला जवान कुणाच्या हुकमात राहणार? १४ जुलै २००३ ला वाजपेयींच्या सरकारनं ठरवलं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय फौज जाणार नाही.

त्याच इराकमध्ये पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन गेली होती, कुट गावात वेढ्यात अडकली, घोडे मारून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला तिनं शरणागती दिली. त्यात मराठा पलटणीही होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. २००३ मध्ये विचार झाला. एवढ्यासाठी ८७ वर्षं आणि एक स्वातंत्र्य लागलं.

हे सगळं आम्ही या महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवलं. मतदान घ्यायचं का, असं कुणीतरी विचारलं. घेतलं नाही. भरतीला पळणाऱ्या मुलाच्या आईनं वाचन संपल्यावर विचारलं, "म्हणजे त्याला जाऊ देऊ का नको?" आजींनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे की. माझाही नातू गेलाय. पण कुठं पाठवलं अन् कशाला, हे पत्रात लिहायला सांग त्याला. नाहीच लिहिलं, तर निवडून दिलेल्यांना जाऊन विचार."

ठरलं इतकंच, की थंडीत सगळ्यांनी मिळून किल्ला बघायला जायचं. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा प्रत्येकीनं आधार कार्ड सोबत आणायचं आहे. गाडीभाड्याचे पैसे येत्या बैठकीला जमा करावेत. आजींचं भाडं गटातून.